प्रतापण्णांच्या डब्याचा कोट

मागच्या दसऱ्याच्या आसपास बेंगळुरातल्या आमच्या चामराजपेटेत अशी बातमी होती, की प्रतापण्णांचं आतडं बर्फाच्या पेटीत घालून विमानाने विलायतेला पाठवलंय, आणि तिथल्या डॉक्टरांनी आत सापडलेल्या जंतूला प्रतापण्णांचंच नाव दिलंय. फुलं विकणारी गंगव्वा ही बातमी हातभर मोगऱ्यावर फुकट द्यायची. सांगताना तिचा एक हात कमरेवर आणि दुसरा येलहंक्याच्या दिशेला, कारण हवाई दलाचा तळ तिथे, आणि आमच्याकडे विमान म्हटलं की येलहंक्याचंच. "ईऽवढी पेटी! चार सोल्जर लागले उचलायला!" चार सोल्जर लागावेत एवढं आतडं एका शिंप्याच्या पोटात कसं मावलं, हे तिला कुणी विचारलं नाही. बातमी चांगली होती, बिघडवायची कशाला.

आता दुरुस्ती. आतडं कुठेही गेलं नाही. ते प्रतापण्णांच्या पोटात आहे आणि परवाच त्याने दोन मसाला डोसे पचवलेत. गेलं ते आतड्यातलं, तेही झाकणाच्या एका छोट्या डबीतून, आणि विलायतेला नाही, तर त्याच इस्पितळाच्या मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत. सोल्जर नव्हते. एक वॉर्डबॉय होता आणि तो नाक धरून चालला होता. जंतूला नाव आधीच होतं, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. डिफिसिल म्हणजे अवघड. काचेच्या बशीत वाढवायला अवघड म्हणून ठेवलेलं. त्याऐवजी प्रतापण्णांचं नाव दिलं असतं तरी अर्थ तोच राहिला असता, असं त्यांच्या बायकोचं, सोयराक्कांचं मत आहे.

प्रतापण्णा म्हणजे 'प्रताप बँड ड्रेस टेलर्स'. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, मध्ये पडदा. लग्नाच्या वरातीत लाल कोट आणि खांद्यावर सोनेरी झालर लावून जे बँडवाले चालतात, त्यांतले निम्मे कोट एके काळी प्रतापण्णांचे असायचे. झालर, बटणं, अस्तर, सगळं चिकपेटेच्या बाजारात जाऊन स्वतः चिमटीत चोळून आणायचं. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले, असं ते अभिमानाने सांगतात. तंबू वेळेवर झाले नाहीत म्हणून फौज वैतागून पुढे निघून गेली आणि ही मंडळी बेंगळुरात राहिली, हा पुढचा भाग सोयराक्का पडद्यामागून सांगतात.

कारण प्रतापण्णांचं एक वाक्य आहे. चष्मा कपाळावर, खडू कानावर, आधी एक कोरडा खोकला, मग: "उद्या नक्की गे. काज-बटण तेवढं राहिलंय." हे वाक्य ते अजून कापडही न कापलेल्या कोटाबद्दल म्हणू शकतात. एकदा एका बँडवाल्याला नवरदेव घोड्यावर बसल्यावर म्हणाले होते; 'गे' त्यांच्या तोंडी बाई-पुरुष सगळ्यांनाच. हे वाक्य मी आमच्या जिन्यात त्यांच्या आवाजात म्हटलं, की तीन घरांतले लोक कोट आला म्हणून बाहेर यायचे. फक्त अण्णांसमोर मी ते कधी केलं नव्हतं. त्यांच्या हातात नेहमी ती मोठी कात्री असते.

त्या दुकानात कापायच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा होता. पूर्वी त्यात बटणं असायची. मग कधीतरी कुणाच्या तरी तापातल्या उरलेल्या चार कॅप्सूल त्यात पडल्या. आमच्या गल्लीत औषध टाकून देणं म्हणजे भात टाकून देण्याइतकं पाप. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, की उरलेल्या कॅप्सूल कोण गिळणार? त्या प्रतापण्णांकडे. आणि पुढच्या माणसाला ताप आला, की तोही प्रतापण्णांकडे.

आमचे ऑटोवाले शिवाप्पा तर डॉक्टरांच्या दारावरून ऑटो पुढे काढून इथे थांबायचे.

"अण्णा, घसा."

"आऽऽ कर. कफ कुठल्या रंगाचा?"

"पिवळा."

"फिका की हळदी?"

शिवाप्पा विचारात पडायचे. "हळदी."

"सरी." म्हणजे ठरलं. मग डब्यात बोटं, मग एक-एक कॅप्सूल दाराच्या उजेडात धरायची, झालरीला दोरा जुळवतात तशी. "ही बघ, पिवळी-तांबडी. जेवून एक, झोपताना एक."

"आणि उद्या?"

"उद्या बरा होशील की. दोनच आहेत."

शास्त्र एवढंच: शेड जुळली पाहिजे. पिवळ्या कफाला पिवळी, लाल घशाला लाल, आणि कुठे दुखतं ते धड सांगता येत नसेल तर करडी. आणि लोक बरे व्हायचे! सर्दी असलेला माणूस आठवड्यात बराच होतो, हे मला शाळेत नंतर कळलं. अण्णांना ते आधी कळलं असतं तर दुकानाबाहेरचं बाकडं रिकामं झालं असतं. खरी गोष्ट त्या बाकड्याचीच होती. बँडवाले आता तयार कोट घ्यायला लागले होते, शर्ट-पँट शिवून घेणारे केव्हाच रेडिमेडकडे गेलेले. पण हे बाकडं सकाळ-संध्याकाळ भरलेलं असायचं. कोटासाठी कुणी येत नव्हतं. डब्यासाठी येत होते. आणि प्रतापण्णा खाली वाकून डबा काढताना जे तोंड करायचे, ते मी केलं तरी मला नीट जमत नाही. देवळात पुजारी तीर्थ द्यायला वळतो ना, तसं काहीतरी.

आषाढात त्यांची दाढ सुजली. गाल लाल, म्हणून लाल-काळी. आतून हिरडी निळसर दिसते असं सोयराक्का म्हणाल्या, म्हणून एक निळीही, ती कुणाच्या तरी दातांच्या डॉक्टरची उरलेली. दाढ बरी झाली. गल्लीत शास्त्राचा जयजयकार झाला. आणि मग पोट सुटलं.

दुसरा कुणी असता तर थांबला असता. अण्णांनी हा नवा आजार धरला आणि नवी शेड शोधली. हिरवी-पांढरी. पोट आणखी सुटलं. पुन्हा निळी. कोट कापता-कापता मध्येच कात्री टाकून मागे पळायचे, आणि गिऱ्हाइकाला पडद्यामागून खोकला ऐकू यायचा, "उद्या नक्की!" एक दिवस दुपारी मशीनवर बसले आणि पायडल दाबायचं बळच उरलं नाही. कोटाची बाही सुईखाली तशीच. ताप होता, पोट ढोलासारखं, ओठ कोरडे पडलेले. शिवाप्पांनी ऑटोत घातलं आणि पहिल्यांदाच मीटर न टाकता इस्पितळात नेलं.

तिथे भेटल्या डॉक्टर वीणा. पुण्याच्या, नुकत्याच आलेल्या, बोलणं असं की वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. त्यांचा अभ्यास चालू होता: अँटिबायोटिक घेतल्यावर ज्यांना जुलाब लागतात, त्यांतल्या किती जणांत हा जंतू सापडतो, आणि बरं झाल्यावर किती जणांचं उलटतं. "ॲक्च्युअली आपल्याकडे याला कुणी शोधतच नाही," त्या सोयराक्कांना म्हणाल्या. "जुलाब म्हटले की पाणी, पाणीपुरी, लग्नातलं जेवण, इतके दावेदार असतात ना, की याचा नंबरच लागत नाही."

मग वही उघडून अण्णांकडे वळल्या. "काका, गेल्या दोन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स घेतलीत?"

"लाल," अण्णा डोळे मिटून म्हणाले.

"लाल म्हणजे?"

"लाल-काळी. मग निळी. मग हिरवी-पांढरी. मग परत निळी."

"नावं काय, काका?"

"नाव कशाला? शेड सांगतो की."

डॉक्टर वीणांनी पेन खाली ठेवलं. पुण्याहून निघताना त्यांना आमच्या गल्लीची कुणी कल्पना दिलेली नव्हती.

पण समजावलं त्यांनी छान. पोटात म्हणे कोट्यवधी चांगले जंतू जागा धरून बसलेले असतात. कॅप्सूल आली की तिला चांगला-वाईट कळत नाही, ती बेसिकली सगळ्यांनाच हाकलते. घर रिकामं होतं. मग हा एकटा मागे राहतो, रिकाम्या घरात पसरतो आणि विष सोडतो. त्या विषाचीच परीक्षा असते: काचेत वाढवलेल्या पेशींवर पेशंटच्या डबीतला गाळलेला अर्क टाकतात आणि पेशी आकसून गोल होतात का बघतात.

"सगळे गेले, मग हा का नाही जात?" अण्णांनी विचारलं.

"हा कोट घालतो, काका."

तोपर्यंत ते अर्धमेले पडले होते. आता डोळे उघडले. "कसला कोट?"

"स्पोअर म्हणतात. बीजाणू. संकट आलं की हा स्वतःभोवती जाड आवरण तयार करतो आणि आत बसून राहतो."

"किती पदरी?"

"अं... बरेच थर असतात."

"अस्तर आहे?"

"असतं म्हणा."

"शिवण कुठून?"

"शिवण नसते, काका."

"बिनशिवणीचा कोट," अण्णा छताकडे बघत पुटपुटले. दुसऱ्या कारागिराचं काम बघून ते असं फार क्वचित बोलतात. "आणि उसवत नाही?"

"स्पिरिटने नाही. फिनाइलने नाही. फरशीला आम्ही ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरतो. हातावरचा मात्र साबण लावून नळाखाली चोळून धुवायचा. तो मरत नाही, पण निघून जातो."

हे ऐकताना सगळी गल्ली खाटेवर बसलेली होती. आमच्यात आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे त्याच्या पायांशी खाटेवर बसणं. खुर्चीवर बसला तो परका. गंगव्वाने खाटेशेजारची स्पिरिटची बाटली उघडून अत्तरासारखा एक थेंब कानामागे लावला होता, रोग नको म्हणून. शिवाप्पांनी अण्णांच्याच ताटलीतलं बिस्किट उचललं होतं. डॉक्टर वीणांनी वर बघितलं आणि पहिल्यांदा हळू बोलल्या. "सगळे उठा. सगळे नळावर. साबण लावून."

"डॉक्टरम्मा, मी स्पिरिट लावलंय," गंगव्वा म्हणाली.

"स्पिरिटमध्ये तो पोहतो."

रांग लागली. शिवाप्पा हात चोळता-चोळता मला म्हणाले, "कोट घातलेला, पोहणारा. हा जंतू आहे की पोलीस?"

परीक्षेत पेशी गोल झाल्या. जंतू तोच. उपचाराची पहिली पायरी ऐकून अण्णांना धक्का बसला: सगळ्या कॅप्सूल बंद. मग एक पांढरी गोळी, मेट्रोनिडाझोल, दिवसातून तीनदा, तोंडात पितळ चघळल्यासारखी चव. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उठून बसले आणि पहिलं वाक्य हे: "म्हणजे गोळीनेच बरा झालो. माझं शास्त्र बरोबर, शेड चुकली."

डॉक्टर वीणांनी कपाळाला हात लावला. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "काका, साधारण पाचातल्या एकाचं हे उलटतं. कोट घालून काही आत बसलेले असतात, ते नंतर उठतात. त्यामुळे मला विचारल्याशिवाय एकही अँटिबायोटिक नाही. घेतलंत, तर आधी तुमच्या पोटाला धोका. आणि माझ्या अभ्यासातूनही नाव काढावं लागेल, कारण मग आपोआप उलटलं की कॅप्सूलने, मला कळणार नाही."

"नाही घेणार," अण्णा छातीला हात लावून म्हणाले. "माझा शब्द."

सोयराक्का इतक्या हसल्या की शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली. डॉक्टर वीणा पुण्याच्या. शिंप्याच्या शब्दाचा बाजारभाव त्यांना माहीत नव्हता.

मला माहीत होता. म्हणून घरी आल्यावर मीच पैज लावली. "अण्णा, आयुधपूजेच्या आत तुम्ही डबा उघडणार."

आयुधपूजा म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. आमच्याकडे त्या दिवशी बसपासून विळीपर्यंत प्रत्येक हत्याराला झेंडूची माळ घालतात. प्रतापण्णांच्या पूजेत मशीन, कात्री, मापाचा गज आणि गेली काही वर्षं तो डबाही असायचा.

"नाही उघडत."

"हरलात तर?"

"तर तुझ्या शाळेच्या बँडचा ड्रेस फुकट शिवतो. उद्या नाही, त्याच दिवशी. तू हरलीस तर?"

"सांगा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जिन्यात माझं जे करतेस ना, ते माझ्यासमोर करायचं. उभं राहून. पूर्ण."

मला वाटत होतं, त्यांना माहीत नाही.

मग त्यांनी जाड खाकी कापड घेतलं, डब्याच्या मापाने कापलं, टोपीसारखं वरून घालून कडा तळाखाली जुळवल्या आणि शर्टाच्या कॉलरीत कायम अडकवलेली सुई काढून माझ्या हातात दिली. "तू शीव. पैज तुझी, टाका तुझा." मी म्हणाले, मला शिवता येत नाही. "दिसेल की," ते म्हणाले. मी शिवलं. एक टाका मुंगीएवढा, पुढचा झुरळाएवढा. अर्ध्यात दोरा संपला म्हणून पुढे हिरवा घेतला. बोटात सुई घुसली, तो डाग पडला. शेवटची गाठ मिरीसारखी वर आली. अण्णा ते सगळं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शारीरिक वेदना होती. डबा कोट घालून फळीवर बसला.

मग बाकडं रिकामं व्हायला लागलं.

पहिले शिवाप्पा आले. "अण्णा, नाक. स्वल्प बघा ना."

"डबा बंद."

"एकच द्या हो. पाहुणा समजून."

"हात धुतलेस?"

"नाकाचा हाताशी काय संबंध?"

अण्णांनी दाराजवळच्या नळावर साबण ठेवला होता. येणाऱ्याने आधी हात धुवायचे, मग बसायचं, मग कोट घातलेल्या जंतूची पूर्ण कथा ऐकायची, अस्तरासकट, आणि मग रिकाम्या हाताने जायचं. शिवाप्पा एकदा बसले. दुसऱ्या वेळी ऑटो हळू केला, नळाकडे बघितलं, आणि चिकपेटेतल्या औषधाच्या दुकानाकडे निघून गेले. गंगव्वा पण यायची बंद झाली. तिचं म्हणणं, कथेसाठी हात धुवायला हे काय पुराण आहे?

एका दुपारी मी गेले, तर अण्णा गळ्यातली टेप काढून बाकड्याचं माप घेत होते. लांबी, मग रुंदी. "कशाला हो?" म्हटलं. "काही नाही," म्हणाले. "मोठं वाटतंय." मी ते वाक्य जिन्यात केलं नाही. हसू येण्यासारखं काही नव्हतं त्यात.

आणि नवरात्रात त्यांचं पोट पुन्हा सुटलं.

अण्णांनी डबा उघडला ही बातमी, फळीवर बघायला न जाताच, मीच पसरवली, हे मान्य करायला हरकत नाही, कारण मी पैज जिंकले होते! जिन्यात उभी राहून मी पूर्ण प्रयोग केला: प्रतापण्णा पडदा बाजूला करतात, डब्याला म्हणतात, "स्वल्प उघड गे," खोकतात, गिळतात, आणि आतड्याला सांगतात, "उद्या नक्की!" गल्ली पोट धरून हसली. शिवाप्पांनी तर ऑटोचा हॉर्न वाजवला.

हसल्या नाहीत त्या सोयराक्का. त्या अण्णांजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांगा हो. मी कुणाला सांगत नाही."

"नाही घेतली गे."

"एखादी. चुकून."

"नाही."

"उद्या-नक्कीसारखं 'नाही' नाही ना हे?"

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. जन्मभर कोट उशिरा दिले, आता पहिल्यांदाच शब्द वेळेवर दिला होता, आणि तो घ्यायला कुणी आलं नव्हतं.

इस्पितळात डॉक्टर वीणांनीही तेच विचारलं. अण्णा म्हणाले, नाही घेतली. मागे उभी गल्ली एका सुरात म्हणाली, घेतली. डॉक्टर वीणांनी दोन्हीकडे बघितलं. वाईट वाटलं त्यांना, दिसत होतं. "काका, औषध मी देणारच. पण अभ्यासात तुम्हाला ठेवायचं तर मला खात्री लागते. नाहीतर नाव काढावं लागेल."

"काढू नका," अण्णा म्हणाले. आवाज एवढासा. "डबा आणायला सांगा. रक्षूला सांगा."

रक्षू म्हणजे मी. शाळेला सुट्टी मिळाल्यावर मी डबा घेऊन गेले तो आयुधपूजेचाच दिवस. इस्पितळाच्या दाराशी फोडलेल्या कोहळ्याचं कुंकू, ॲम्ब्युलन्सच्या चाकाखाली लिंबू, स्ट्रेचरला केळीचे खुंट, आणि वॉर्डातल्या ब्लडप्रेशरच्या यंत्राला झेंडूची माळ. डॉक्टर वीणा त्या यंत्राकडे बघत उभ्या होत्या. "सकाळी माझ्या मायक्रोस्कोपला हळद लावली कुणीतरी," म्हणाल्या. "लेन्सला!"

औषध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते, अण्णांच्या चेहऱ्यावर रंग होता. मला आधी नळावर पाठवलं. मग डबा मांडीवर घेतला.

"रक्षू, हे टाके कुणाचे?"

"माझे."

"नीट बघ."

मी बघितले. मुंगी, झुरळ, मुंगी. मध्येच हिरवा दोरा. तपकिरी पडलेला रक्ताचा डाग, त्याच्यावरूनच गेलेला टाका. मिरीसारखी गाठ. माझेच होते. एवढं वाईट मीच शिवू शकते.

"पण तुम्ही शिंपी," सोयराक्का मागून म्हणाल्या. "उसवाल आणि परत घालाल. कुणाला कळणार?"

अण्णांना पहिल्यांदा राग आला. "हे? हे मला घालता येईल म्हणतेस? माझी अब्रू काढतेस की बाजू घेतेस?"

"घालून दाखवा," डॉक्टर वीणा एकदम म्हणाल्या. "काका, सिरियसली. सेम असे टाके घालून दाखवा."

कॉलरीतून सुई निघाली. खाकी कापडाच्या मोकळ्या कडेवर अण्णांनी माझ्या टाक्यांची नक्कल करायला घेतली. पहिल्या ओळीत टाके सरळ आले, मोजून मापून, मशीनसारखे. "थांबा," म्हणाले, "चुकलं." म्हणजे चुकलं नाही ते चुकलं. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन वाकडे घातले. वाकडे आले, पण सगळे सारखेच वाकडे, एकाआड एक, बँडच्या कोटावर नागमोडी वेलबुट्टी असते तसे. गाठ घालायला गेले तर गाठ आपोआप आत लपली. घाम फुटला त्यांना. "हात ऐकत नाही हो," ते डॉक्टर वीणांना म्हणाले. "एवढी वर्षं बटणं लावली, आता त्याला घाण काम सांगितलं तर ऐकत नाही."

डॉक्टर वीणांनी तीनही ओळी चष्म्याजवळ नेऊन बघितल्या. माझी, त्यांची सरळ, त्यांची वाकडी. मग वही काढली. "डबा उघडलेला नाही. आपोआप उलटलं." आणि लिहिता-लिहिता स्वतःशीच हसून, "हे मी रिसर्च पेपरात कसं लिहू?"

सोयराक्का अण्णांच्या पायांशी खाटेवर बसल्या, आणि डॉक्टर वीणांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग अण्णांनी कात्रीने माझे टाके कापले. कॅप्सूल कागदावर ओतल्या. रंगपंचमी झाली कागदावर. डॉक्टर वीणांनी एक-एक उचलून बारीक अक्षरं वाचली आणि निळीपाशी थांबल्या. "काका, या जंतूला मोकळं रान देण्यात पुस्तकातसुद्धा हिचं नाव पहिल्या ओळीत आहे."

"हिची शेड मला कधी आवडलीच नव्हती," अण्णा म्हणाले.

सगळ्या कॅप्सूल त्यांनी डॉक्टर वीणांना देऊन टाकल्या. रिकामा डबा मात्र परत मागितला. बटणांसाठी.

आणि माझ्याकडे बघितलं. "हं. उभी राहा."

मी म्हटलं, इथे? वॉर्डात? म्हणाले, आयुधपूजा आहे, ज्याचं-त्याचं हत्यार आज बाहेर काढायचं. शिवाप्पा, गंगव्वा, सोयराक्का, डॉक्टर वीणा, शेजारच्या खाटेवरची बाई, सगळे खाटेभोवती जमले. मी चष्मा नसलेल्या कपाळावर चष्मा सरकवला. कानावर खडू. "उद्या नक्की गे," खोकला, "काज-बटण तेवढं राहिलंय."

कुणी हसलं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले होते, आणि चिमटीत अंगठा-बोट चोळत होते, चिकपेटेत अस्तर बघतात तसं.

"कापड चांगलं आहे," ते शेवटी म्हणाले. "पण खांद्यात सैल. खोकला आधी येतो गे, 'उद्या' मागून. आणि 'राहिलंय'वर गिऱ्हाइकाकडे बघायचं नाही, कापडाकडे बघायचं. बघितलं की पकडला जातो माणूस." डोळे उघडले. "असं नाही देता येत. परत ये, ट्रायल घेऊ."

"कधी?" मी विचारलं.

अण्णा खोकले.